गोधडीवरचा तत्कार

शनिवार, १२ जानेवारी १९७४
कासारवाडी

आज पुण्याच्या क्लासात बाई सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "तुझा पाय वाजतच नाही गं. कथक तुमच्या तिकडच्यांचं काम नाही, तू आपली शिवण शीक." मी मान खाली घालून ऐकून घेतलं, त्याचाच जास्त राग येतोय.

पाय वाजेल कसा? आबांची कायमची रात्रपाळी, दिवसा ते झोपणार आणि खोली एकच. म्हणून तीन वर्षं मी तत्कार, म्हणजे पायांच्या बोलांचा सराव, गोधडीवर करतेय, तोही घुंगरू न बांधता. बाईंना हे सांगायला हवं होतं का? नाही. कीव नकोय मला कुणाची.

दुपारी घरी आले ती गोधडी कोपऱ्यात फेकली, घुंगरू बांधले आणि उघड्या फरशीवर सुरू केलं. आबा पलीकडेच झोपलेले. आई बाहेरून धावत आली. "अगं, बाप झोपलाय, काही वाटतं का तुला?" मी थांबले नाही. आबा घोरतच होते! शेवटी मला दम लागला, मी थांबले, आणि तेव्हा कुठे ते दचकून उठले.

"काय झालं? का थांबली?"

"तुमची झोपमोड..."

"अगं, कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या धाडधाडीत पंधरा वर्सं काढली मी. आवाज बंद पडला की जाग येती मला."

तीन वर्षं गोधडीवर! आणि एकदाही त्यांना विचारलं नाही मी. तळपाय लाल झालेत, झोंबतायत. झोंबू देत. पुढच्या शनिवारी आधीच सांगणार आहे, बाई, कानात बोळे घालून बसा.