पाचवा सेन्सर

३ डिसेंबर
पोचले एकदाची! याकुत्स्कहून दोन दिवस ट्रकमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण हवामान केंद्रातली धगधगती भट्टी पाहिली आणि शीण गेला. इथले जुने निरीक्षक प्रोकोपी आजोबा आणि मी, दोघंच. त्यांनी इथल्या रिवाजाप्रमाणे भट्टीत लोण्याचा गोळा टाकून विस्तवाला माझं नाव सांगितलं, मग गोठलेल्या माशाचे काप पुढे केले.
धावपट्टीच्या कडेने तापमानाचे पाच सेन्सर आहेत. पहिला दाराबाहेर, पाचवा टेकडीखाली. बाहेर उणे बावन्न असताना पाचवा रोज दुपारी अधिक छत्तीस दाखवतो. याच आकड्यांवर वैमानिक विमान उतरवतात. तो दुरुस्त करायला मी आलेय.

५ डिसेंबर
घरात आणला की शहाण्यासारखा वागतो. म्हणून बाहेर खोक्यात तासभर गारठवला आणि पेन्सिलीने टिचक्या मारल्या. आकडे नाचले. सोल्डरच्या सांध्याला केसाएवढी चीर! नवा सांधा दिला, पुन्हा चार तास गारठवला. आकडा ढिम्म हलला नाही. मी खूश. आजोबा एवढंच म्हणाले, की आधीच्या तंत्रज्ञानेही तीनदा दुरुस्त केला होता.

७ डिसेंबर
पुन्हा छत्तीस. आज टक लावून बघत बसले. तुटका सांधा आकडा उडवतो. हा उडत नाही, सावकाश चढतो. काखेत धरलेल्या थर्मामीटरसारखा.

८ डिसेंबर
पाचवा आज ठणठणीत. आता चौथा चढला. वायर बदलली, सर्किट बदललं. बोटं सुजून काळीनिळी झालीत. आजोबा शेजारी बसून म्हणाले, “पोरी, जे बिघडलंच नाही ते किती वेळा दुरुस्त करशील?” मी चिडले.

९ डिसेंबर
माझ्या बोटांनी स्क्रू धरवेना, म्हणून तिसरा चढायच्या आतच बदलायला आजोबांनाच जा म्हटलं. हट्टच केला. कुरकुरत गेले.
बारा दहाला तिसरा छत्तीसवर गेला.
आजोबा परतले नाहीत. बर्फातली पावलं तिसऱ्या सेन्सरच्या खांबापर्यंत आहेत. पुढे नाहीत, मागेही नाहीत. रेडिओवर कळवलं. थंडी ओसरेपर्यंत विमान येणार नाही म्हणतात.

१० डिसेंबर
दुसरा. छत्तीस.
मीच पाठवलं त्यांना.

११ डिसेंबर, दुपार
दार वाजतंय. आवाज आजोबांचाच. पोरी, दार उघड, हात गोठलेत म्हणतात.
पहिला सेन्सर चढतोय. वीस — एकतीस —
दोन दिवस उणे चौपन्नात राहिलेल्या माणसाचा हात एवढा उबदार नसतो.
पण हा सेन्सर मी कधी गारठवून तपासलाच नाही. त्याचाही सांधा चिरला असेल तर? मग बाहेर खरंच आजोबा आहेत आणि मी त्यांना दारात मरू देतेय —
छत्तीस.
रडताहेत. आजोबा रडताहेत.
कडी काढते. सेन्सर खराबच असणार, थंडीत सगळेच —