शिऱ्यातली गोळी

तीर्थरूप अनघाताईस,

धाकट्या शुभदाचा सिंगापुराहून वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, हे मला इथे बसून दिसतं.) फोन न करता पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय, कारण हॉस्पिटलच्या या खोलीत कॅमेरा आहे आणि तो ऐकतोसुद्धा. कॅमेऱ्याला मराठी येत नाही, पण तो बघणारे डॉक्टर सुगत पडले नागपूरचे.

तुझी भाची क्षिप्रा गुरुवारपासून इथे आहे. घाबरू नकोस, फिट आलेली नाही. तेच तर दुखणं आहे! अकरा वर्षं झाली, तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, तरी महिन्यातून दोनदा येतेच. मागच्या खेपेला तर एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जिन्यावर आली. डॉक्टर सुगतांचं संशोधन त्यावरच चाललंय. फिट येताना मेंदूत पहिली ठिणगी कुठे पडते ते टिपायचं, आणि जागा नक्की सापडली तर ऑपरेशनचा विचार करायचा. म्हणून पोरीच्या डोक्याला पंचवीस वायरी चिकटवून वर पांढरा फेटा गुंडाळलाय, गोळ्या कमी केल्यात आणि आम्ही सगळे वाट बघत बसलोय. लग्नात, परीक्षेत, विमानात न बोलावता आलेली ही बया आता आमंत्रण दिल्यावर येईना! बेड फक्त बुधवारपर्यंत आहे. क्षिप्रा म्हणते, "आई, फिट आल्याशिवाय मी घरी येणार नाही लाह." (हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्याचं शेपूट.) तिला पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायचीय गं. ऑफिसची मंडळी बेटभर फिरतात आणि ही दर वेळी धक्क्यावर त्यांच्या पिशव्या राखत बसते.

आता मुद्द्याचं. (रागावू नकोस, रागावणारे इथे पुष्कळ आहेत.) गोळ्या का कमी करायच्या ते डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं आणि मी दोनदा मान डोलावली. पण संध्याकाळी नर्सनं दोनाऐवजी एकच गोळी दिली आणि माझा जीव राहीना. लहानपणी ती गोळी थुंकायची, तेव्हा मी शिऱ्यात चुरून भरवायचे, आठवतंय? तीन दिवस बुकित बातोकच्या घरून डब्यात शिरा आणला. पोरगी खूश, नर्स खूश, डॉक्टरांनीही वाटीभर खाल्ला. (त्यांचा वेगळा काढलेला होता, देवाशप्पथ!) आज सकाळी त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर मी! वाटीच्या बुडानं गोळी चुरतेय, ढवळतेय आणि मध्येच कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करतेय. डॉक्टर एवढंच म्हणाले, "काकू, वेलदोडा पण घातला होता का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षिप्रा म्हणाली, "माझे तीन दिवस तू खाल्लेस आई," आणि रडली. तेव्हा मी ठरवलं, आता माघार नाही. डब्यात तिखट उपमा, आणि फिट आल्यावर दाबायचं बटण माझ्या हातात. आजवर फिट आली की मी डोळे मिटून देवाचा धावा करायचे. या खेपेला डोळे उघडे ठेवणार.

तुझी,
शुभदा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. फिट येऊ नये म्हणून तू अकरा वर्षं सोमवार धरतेस. उद्याचा नको धरूस. महादेवाला नीट समजावून सांग की एकच हवी आहे आणि बुधवारच्या आत.

ता. क. दुसरं. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. आत्ता चार वाजता आली! बटण मीच दाबलं. अख्खी फिट डोळे उघडे ठेवून पाहिली ताई, पहिल्यांदाच. शुद्धीवर आल्याआल्या पोरगी विचारते, "रेकॉर्ड झाली का?" झाली गं बाई, झाली. डॉक्टर म्हणतात, अजून एक मिळाली तर जागा पक्की होईल. तेव्हा उद्या तू पोटभर पोळीभाजी खाच.