शनिवारचा फोन

हाटकेश, मीरा रोड
सोमवार, २० जानेवारी २०२५

प्रिय नेत्रा,

सार्थकच्या पहिल्या स्मृतिदिनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तू जो मजकूर लिहिलास, त्यात तथ्याच्या चुका आहेत. सार्थक संक्रांतीच्या दिवशी गेला, असे तू लिहिले आहेस. गेल्या वर्षी संक्रांत पंधरा जानेवारीला, सोमवारी होती. तो आदल्या दिवशी, रविवारी गेला. संक्रांत चौदालाच असते असे आपण सगळेच गृहीत धरतो, म्हणून ही चूक मी क्षम्य मानतो. सरांनी, म्हणजे मी, त्याच्या आईवडिलांना हळुवारपणे समजावून सांगितले, असेही तू लिहिले आहेस. तसे घडले नाही. तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन, आणि शेवटी का, तेही सांगेन.

त्या ग्रुपवर मी नाही, हे तू जाणतेस. काल दुपारी तुझी आई घरी आली. बसायलाही तयार नव्हती. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, “सर, हे वाचा आणि तुम्हीच हिला समजवा. आमचं ऐकतच नाहीये. बोलते, मम्मी, मी फोन उचलला असता तर तो घरातून निघालाच नसता. तिथे जर्मनीत हॉस्पिटलचा राजीनामा लिहून ठेवलाय तिने, एक तारखेला देतेय.” मी चष्मा शोधून तो मजकूर दोनदा वाचला. शुद्धलेखन बऱ्यापैकी आहे. तुझी आई म्हणाली, “सर, स्पेलिंग नका बघू हो.” हे पत्र मी हाताने लिहीत आहे, ती त्याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. पानांचे क्रमांक घातले आहेत, ते पाहून क्रमाने वाच.

शाळेची बातमी सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. आपला जर्मनचा वर्ग अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे, खाली पत्र्याचे कारखाने आहेत, आणि खिडक्या लावल्याशिवाय श्रुतलेखन घेता येत नाही. गेल्या वर्षी सार्थकच्या बातमीनंतर आठ-दहा पालकांनी जर्मन बंद करा म्हणून अर्ज दिले. त्यानंतरच्या जूनमध्ये त्याहून दुप्पट पालक दारात उभे होते. एकाने मला विचारले, “सर, नर्सिंगसाठी तिकडे माणसं कमी पडतात ना? मग माझ्या मुलीला घ्या.” मी त्याच्या मुलीला घेतले. दुसरे काय करणार होतो? संस्थाचालक मला दर मार्चमध्ये सांगतात की तुमचे वय झाले, आणि दर जूनमध्ये सांगतात की अजून दुसरा शिक्षक मिळालेला नाही. शिक्षक मिळेपर्यंत मी शिकवीन.

दहावीच्या शेवटच्या तासाला मी कार्ड लिहून घेतो, ते तुला आठवत असेल. नाव, रक्तगट, आणि खाली जर्मनमध्ये तीन वाक्ये: माझ्या घरी जर्मन कोणाला समजत नाही, अडचण आल्यास या क्रमांकावर फोन करावा, हे माझे शिक्षक आहेत. त्याखाली माझा क्रमांक. तुमच्या वर्गात सार्थक उठून म्हणाला होता, “सर, हे तर कुत्र्याच्या पट्ट्यावर लिहितात तसं झालं. सापडल्यास मालकाला कळवा.” सगळा वर्ग हसला, तू तर बाकावर डोके टेकवून हसत होतीस. मी त्याला बाहेर उभे केले. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळून ते कार्ड लॅमिनेट करून घेऊन आला आणि म्हणाला, “आता पाण्यात पडलो तरी वाचता येईल.” उत्तनच्या कोळीवाड्यातला मुलगा, त्याला पाण्याचेच भय ठाऊक होते. बर्फाचे मी कोणालाच शिकवले नव्हते.

त्या शनिवारी दुपारी मी जेवून उठलो होतो, तेव्हा मला जर्मनीतल्या येनाहून फोन आला. अतिदक्षता विभागातली परिचारिका होती. तिने माझे नाव वाचून विचारले, आपण सार्थकचे शिक्षक का? त्या कार्डावरची तीन वाक्ये इतक्या वर्षांत प्रथमच एखाद्या जर्मन माणसाने वाचली होती. डॉक्टरांना त्याच्या आईवडिलांशी बोलायचे आहे आणि संध्याकाळी ते पुन्हा फोन करतील, तोवर मी त्यांच्यापाशी पोहोचावे, असे तिने सांगितले. त्याखेरीज तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी मागे ठेवतो.

मी रिक्षाने उत्तनला गेलो. त्याचे वडील रामूभाऊ अंगणात जाळे विणत होते, बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि त्याच्या आईने, शेवंतीबाईंनी, मला पाहताच डोक्यावर पदर घेऊन विचारले, “सर, तुम्ही इकडं कसे? पोरानं तिकडं काय केला का?” मी म्हणालो, त्याला अपघात झाला आहे, आणि डॉक्टरांचा फोन माझ्याकडे येणार आहे. तेवढेच मला ठाऊक होते. डॉक्टरांचा फोन येईपर्यंत मी त्या अंगणात बसून राहिलो. शेवंतीबाईंनी मला चहा दिला, आणि तो मी प्यायलो. न पिणे अधिक वाईट दिसले असते.

मग डॉक्टर एकेक वाक्य बोलत गेले आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला आहे. शस्त्रक्रिया केली आहे. श्वास यंत्रावर चालू आहे. शुद्ध येण्याची आशा आम्हांला वाटत नाही. रामूभाऊ म्हणाले, “सर, तुम्ही बराबर आयकला ना? परत इचारा त्याला.” वर्गात मी जन्मभर हेच सांगत आलो की कळले नाही तर पुन्हा विचारा. मी पुन्हा विचारले. डॉक्टरांनी तेच वाक्य अधिक सावकाश म्हटले, आणि मी ते अधिक सावकाश मराठीत म्हटले. दुसऱ्या वेळी ते सोपे झाले नाही. मग शेवंतीबाई म्हणाल्या, “त्याला थंडी वाजतं का, तेवढा इचारा.” मी विचारले. डॉक्टर म्हणाले, अंगावर गरम पांघरूण आहे. मी सांगितले, अंगावर गरम पांघरूण आहे. त्या म्हणाल्या, “बरा झाला.”

शेजारच्या बाया मागाहून मला म्हणाल्या, सर, थोडा धीर द्यायचा, पोर बोलला, आईचं नाव घेतला, असा कायतरी सांगायचा. मी म्हणालो, डॉक्टर ते बोलले नाहीत. त्या माझ्यावर रागावल्या, आणि त्यांचा राग मला समजतो. परंतु एक शब्द मी माझ्या पदरचा घातला असता, तर बाकीच्या कुठल्या शब्दावर त्या आईने विश्वास ठेवावा? यंत्र बंद करण्याची परवानगी दुसऱ्या दिवशी माझ्याच तोंडून मागितली गेली आणि माझ्याच तोंडून दिली गेली. हळुवारपणे काहीही झाले नाही, नेत्रा.

हे सारे तुला आधी सांगितले, त्याला कारण आहे. आता जे सांगणार आहे ते पहिल्याच ओळीत सांगितले असते, तर म्हातारा समजूत घालतो आहे, असे तुला वाटले असते. ज्या माणसाने त्या अंगणात आईला एक खोटा शब्द दिला नाही, तो तुलाही देणार नाही. तू लिहिले आहेस की शनिवारी सकाळी रात्रपाळी करून तू झोपली होतीस, सार्थकचा फोन वाजला, तू तो उचलला नाहीस, म्हणून तो संक्रांतीसाठी तुझ्याकडे यायला सायकलवरून स्टेशनकडे निघाला आणि वाटेत घसरला. तू नात्यातली नव्हतीस, म्हणून इस्पितळाने तुला काही सांगितले नाही; कोणीतरी ‘सायकलवरून पडला’ एवढेच म्हणाले आणि उरलेले तू स्वतः रचलेस. परिचारिकेने मला सांगितलेली ती गोष्ट अशी: सार्थकच्या फोनला कुलूप नव्हते. लहानपणापासून घरात सगळ्यांत मिळून एकच फोन होता, त्याची ती सवय गेलीच नाही. तिने फोनमधल्या सर्वांत वरच्या नावाला फोन लावला. कोणी उचलला नाही. मग तिने त्याचे पाकीट उघडले आणि तिला कार्ड सापडले. ते सर्वांत वरचे नाव तुझे होते. तो फोन सार्थकने केला नव्हता. तू तो उचलला असतास, तर मला आलेला फोन तुला आला असता, एवढाच फरक पडला असता. रुग्णालयाचा अहवाल मीच त्याच्या आईवडिलांसाठी मराठीत केला. खालच्या तारखा त्यातल्या आणि माझ्या आठवणीतल्या आहेत. तुला परत यायचे असेल तर अवश्य ये. थंडी सोसवत नाही म्हणून ये, घरची आठवण येते म्हणून ये, सार्थक नाही म्हणून ये. चुकीच्या तारखेवर राजीनामा देऊ नकोस.

तुझाच शिक्षक,
कमळाकर

दुरुस्ती:

शुक्रवार, १२ जानेवारी २०२४. संध्याकाळी ड्यूटीवरून सायकलने खोलीवर परतताना सार्थक बर्फावरून घसरला. तो स्टेशनकडे जात नव्हता. त्यानंतर त्याला शुद्ध आली नाही.

शनिवार, १३ जानेवारी. सकाळी तुझा फोन वाजला. तो परिचारिकेने लावला होता.

रविवार, १४ जानेवारी. सार्थक गेला.

सोमवार, १५ जानेवारी. संक्रांत. तू उत्तनला फोन केलास आणि ‘त्याची आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही’ असे लिहिले आहेस. हेही अपुरे आहे. मी तेव्हा तिथेच होतो; तू फोन ठेवल्यावर शेवंतीबाईंनी मला विचारले, “ती पोर तिकडं एकलीच हाय ना? जेवली का ती?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ते अजून द्यायचे राहिले आहे.