तिसऱ्या नकाराआधी

प्रिय फरंगीस,

रविवारी तुझ्या घरून निघताना कलिंगडाच्या उरलेल्या फोडी तू डब्यात भरून माझ्या पिशवीत कोंबल्यास, त्या आज सकाळी संपल्या. गेली दीड वर्षं तू काही ना काही असंच कोंबत आली आहेस. इरज आमचा संसार अर्ध्यावर टाकून गेला, त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि पहिल्याच शुक्रवारी तुम्ही सगळे पहाटे गाडी घेऊन माझ्या दाराशी उभे राहिलात. कुणी सांत्वन केलं नाही. खुसरोआगा एवढंच म्हणाले, "तूबाखानम, किटली तुमच्याकडे. आमच्यात कुणाला धड चहा जमत नाही." मी किटली घेऊन तेहरानच्या वरचा तो डोंगर चढले. त्या चढानं मला तारलं, हे तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही.

परवा तू चहा ओतायला आत गेलीस, तेव्हा बाहेर काय घडलं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. लारच्या पठारावर चार दिवस चालायला जायचं, तीर महिन्याच्या मध्यावर, ऐन उन्हाळ्यात, खसखशीची लाल फुलं झडायच्या आत, इथवर ठरलं होतं. मग खुसरोआगांनी विचारलं, "सगळ्यांच्या मागे कोण चालणार?" ती जागा इरजची. सव्वीस वर्षं तो शेवटी चालला. कुणी फुलापाशी थांबलं की तोही थांबायचा, पण कधी कुणाच्या पुढे गेला नाही. त्याच्या पुढे मी, पुस्तक उघडून अक्षर अक्षर जुळवत रोपांची नावं शोधणारी. "चला खानम, मेंढरंसुद्धा पुढे गेली," असं पाठीमागून ऐकू यायचं.

खुसरोआगा माझ्याकडे वळले. "तूबाखानम, तुम्ही चालाल?" मी म्हटलं, "छे, माझी काय लायकी!" ते म्हणाले, "त्या वाटेवर तुमच्याइतकं लक्ष कुणाचं नाही." मी म्हटलं, "नको, तरुणांना द्या." दोनदा नको म्हणायची आपली रीत पाळून झाली, आता तिसऱ्यांदा विचारतील आणि मी होकाराची मान डोलवीन, म्हणून डोक्यावरचा रुमाल सारखा केला. तर ते हळूच म्हणाले, "बरं. तुम्हाला त्रास नाही देणार." मी येतच नाही असं समजून त्यांनी यादीतल्या माझ्या नावावर रेघ ओढली आणि मागे चालायला कामबीजचं नाव लिहिलं. कामबीज! त्याच्या कानात सदा गाणी. मागे दरड कोसळली तरी तो ताल धरेल.

मी दोन दिवस घरात भांडी आपटली. ज्या माणसानं पाहुण्याला चार वेळा वाढल्याशिवाय कधी उठू दिलं नाही, त्याला माझंच "नको" खरं वाटावं? मग आज किटली घासताना उमगलं. दुःखात असलेल्या बाईला आग्रह करू नये, असं त्यांना वाटलं असेल. माझा शब्द इतक्या हळुवारपणे आजवर कुणी झेलला नव्हता. आणि खरं सांगू, त्यातलं अर्धं "नको" मनापासूनचंच होतं. शुक्रवारी तुमच्यामधून चालताना मी अजूनही मागे वळून बघते. दर वळणावर. तुला ते दिसलं असेल, तरी तू कधी विचारलं नाहीस. त्याबद्दलही तुझे आभार मानायचे राहिले होते.

फोनच करणार होते. पण तू "ये ना गं" म्हणाली असतीस आणि माझ्या तोंडून सवयीनं पुन्हा "नको गं" निघालं असतं. कागद आग्रह करत नाही, म्हणून लिहिते. उद्या गाडीवाल्याला नावं देशील त्यात माझं घाल, आणि खुसरोआगांना सांग की शेवटी तूबा चालेल. कामबीज रागावणार नाही, त्याला पुढे पळायची घाई असतेच. मी सगळ्यांच्या मागे असले, की माझ्या मागे कुणी नसणं हेच माझं काम होईल. मग वळून बघायला नको. पुढे तुम्ही सगळे दिसत राहाल.

तुझीच,
तूबा