सातच्या जागची खूण

८ जानेवारी २०२५, बुधवार

खूण सातच्याच जागी आहे. तीनदा पाहिली. भिंग लावून पाहिली. आपलाच प्रोग्रॅम!

कुलदीपशेठनी भोसरीतून कुठून तरी एक पंपाचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आणलं आणि टेबलावर आपटलं. "उद्धवराव, हे आपण केलेलं नाही. आणि आपलंच आहे."

घड्याळाची तबकडी धरली तर मी कटर सातच्या जागी आत उतरवतो. ड्रॉइंगमध्ये तसं कुठे लिहिलेलं नाही. दुसरा कोणीही बाराला उतरवेल. तिथे दोन शतांश मिलिमीटरचा ओरखडा राहतो. नखाला लागत नाही, उजेडात तिरपं धरलं की दिसतो. माप घेऊन नक्कल करणाऱ्याला तो कळणारच नाही. म्हणजे नुसता पार्ट नाही, मशीनवर चालणारा अख्खा प्रोग्रॅम बाहेर गेला.

शेठ म्हणाले, "तुमचं कुलूप फुटलं?"

"शक्यच नाही."

"लिहून द्याल?"

दिलं. लेटरहेडवर, इंग्रजीत, सतरा ओळी. किल्ली अठ्ठेचाळीस अक्षरी, शक्यतांची संख्या अडुसष्ट आकडी, किल्लीशिवाय फाइल उघडणे अशक्य. किल्ली दोघांपाशी — मी आणि इम्तियाज शेख. खाली सही, सहीखाली नेहमीचे दोन ठिपके.

निगडीच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. दोघांतून मी वजा झालो की उरतो कोण?

९ जानेवारी, गुरुवार

साप्ताहिक सुट्टी. दिवसभर त्या पत्राचाच विचार. एकही शब्द चुकीचा सापडला नाही.

ऑफिसातले लोक पासवर्ड म्हणतात. पासवर्ड नव्हे — किल्ली! पासवर्ड दारावरच्या वॉचमनला सांगायचा असतो. आत गेलं की सगळं उघडंच. किल्लीने अक्षरच बदलतं. प्रोग्रॅममधलं पहिलं अक्षर किल्लीच्या पहिल्या अक्षराइतकं पुढे सरकवायचं, दुसरं दुसऱ्याइतकं, असं अठ्ठेचाळीसपर्यंत, मग परत पहिल्यापासून. फाइल मेलवर जाऊ दे, राजगुरुनगरच्या युनिटला जाणाऱ्या टेंपोवाल्याच्या पेन ड्राइव्हवर जाऊ दे — बघणाऱ्याला कचरा दिसणार.

मी आयटीआय टर्नर. कॉलेजचा उंबरा पाहिलेला नाही. २०१९ च्या दिवाळीत घरी बसून ही पद्धत काढली. कोणाला एक शब्द विचारला नाही. किल्ली अर्धी मी केली, अर्धी इम्तियाजने. माझ्या अर्ध्यात माझं गाव आणि आईचं नाव. त्याच्या अर्ध्यात त्याच्या मुलीचं, आरफाचं नाव आणि जन्मगाव. नऊ वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसतो तो. एवढ्या वर्षांत त्याच्याकडून एक दशांशचिन्ह चुकलेलं मला आठवत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

इम्तियाजला दहा वाजून वीस मिनिटांनी वर बोलावलं. अकराला खाली आला. डबा, टॉवेल, स्वतःचं व्हर्निअर बॅगेत भरलं.

"भाऊ, चौकशी होईस्तोवर घरी बसा म्हणतात. तुम्ही काही लिहून दिलंय म्हणे."

"मी कुलपाबद्दल लिहिलंय. तुझ्याबद्दल वाईट एक अक्षर नाही."

हसला. "कुलपाबद्दलच तर विचारत होते मला!"

११ जानेवारी, शनिवार

जे खरं तेच लिहिलं. जे खरं तेच लिहिलं.

१३ जानेवारी, सोमवार

नवीन आलेल्या मिनलने प्रोग्रॅमचं हेडर अर्धवट टाकलं. परत करायला लावलं. "सर, हे मशीन वाचतसुद्धा नाही, मग कशाला?" म्हणाली. मशीनसाठी नाही, शिस्तीसाठी! कंपनीचं नाव, प्लॉट नंबर, गाव, आणि शेवटी — विनापरवाना नक्कल करू नये. इंग्रजीत एकशे तेरा अक्षरं. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर हीच, याच क्रमाने, स्वल्पविरामासकट. गेल्या ऑडिटमध्ये कस्टमरच्या साहेबांनी याच हेडरचं कौतुक केलं होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

बायकोने, विजयश्रीने, दरवर्षीप्रमाणे इम्तियाजच्या घरचा तिळगुळाचा डबा वेगळा भरला. तिला अजून काही सांगितलेलं नाही. डबा नेला. कंपनीच्या कपाटात ठेवला.

१६ जानेवारी, गुरुवार

लिहायला नको वाटतंय. पण लिहितो, नीट क्रमाने.

आमची स्वरूपा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुपारी तिला मुद्दाम एक बंद फाइल दिली. म्हटलं, हिलाही नाही जमलं की माझ्या पत्रावर शिक्का.

तिने थोडा वेळ पाहिलं. "बाबा, तुमचे सगळे प्रोग्रॅम सारखेच सुरू होतात का?"

"होतात म्हणजे? झालेच पाहिजेत! नियम आहे माझा."

"काय नियम?"

सांगितला. अभिमानाने सांगितला! पाठ म्हणून दाखवला, आणि ती लिहून घेत होती.

वही आणि पेन्सिल. कॉम्प्युटर उघडलासुद्धा नाही. वरच्या ओळीत बंद फाइलची अक्षरं, खाली माझं हेडर. "तुम्ही उघड्यात किल्ली मिळवून बंद केलंत ना? मग बंदमधून उघडं वजा करायचं. उरेल ती किल्ली."

सव्वीस मिनिटं. आधी माझं गाव निघालं. मग आईचं नाव. तिथे ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे करत राहिली. मग आरफाचं नाव निघालं. अठ्ठेचाळीस झाल्यावर परत माझं गाव सुरू. म्हणजे किल्लीची लांबीही कळली. या दुसऱ्या फेरीत आरफाचं नाव नेमकं 'विनापरवाना नक्कल करू नये' या ओळीतून बाहेर पडलं.

अडुसष्ट आकडी शक्यता! एकही तपासावी लागली नाही.

आणि ते हेडर कुठे नाही? मशीनच्या पडद्यावर दिवसभर असतं. मशीनवर लावायच्या कागदावर छापलेलं असतं. ते कागद रद्दीत जातात.

"बाबा, ही पद्धत साडेचारशे वर्षांपूर्वीची आहे. ती फोडल्यालाही दीडशे वर्षं होऊन गेली. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. असं करू नये म्हणून."

"मी स्वतः काढली होती."

"हो ना, बाबा."

मग उठली आणि चहा ठेवला. माझ्याकडे न बघता.

१७ जानेवारी, शुक्रवार

सांगायला वर गेलो. शेठ फोनवर होते. खाली आलो.

१८ जानेवारी, शनिवार

आज फोनवर नव्हते. तरी खाली आलो.

२० जानेवारी, सोमवार

शेठ म्हणाले, इम्तियाजच्या जागी माणूस बघू. मी म्हणालो, नको, मी सांभाळतो. "का हो?" म्हणाले. मिनलचे प्रोग्रॅम तपासायचेत म्हणून खाली आलो. भित्रा!

२३ जानेवारी, गुरुवार

डबा घेऊन चाकणला इम्तियाजच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, फरीदाने, दार उघडलं. "संक्रांत होऊन नऊ दिवस झाले, भाऊ. आता काय गोड बोलायचं?" पण डबा घेतला. खुर्ची पुसून दिली.

इम्तियाजची दाढी वाढलेली. म्हणाला, "म्हाळुंग्याच्या एका कंपनीत सगळं ठरलं होतं. त्यांनी चौकशीला शेठना फोन केला. शेठ काही बोललेच नाहीत म्हणे, तुमचं पत्र पाठवून दिलं."

"ते पत्र —"

"बरोबरच आहे ना, भाऊ. कुलूप पक्कं, किल्ल्या दोन, एक तुमची. तुम्ही तर चोर नाही. शेंबडं पोर सोडवील हे गणित!"

"इम्तियाज, ते कुलूप —"

"कुलपाला काही बोलू नका. स्वतःच्या पोरीचं नाव घातलंय मी त्यात."

तेवढ्यात आरफाच पाणी घेऊन आली. नववीला आहे. "काका, स्वरूपाताई कशी आहे?" विचारलं.

पाणी प्यालो. उठलो. सांगितलं नाही!!

२४ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. सकाळी नऊ पाचला, बॅगही न ठेवता वर गेलो. वही उघडली, शेठच्या समोर फाइल फोडून दाखवली. मला आता अकरा मिनिटं लागतात.

शेठनी शेवटपर्यंत पाहिलं. "पोरगी हुशार आहे तुमची."

"शेठ, हे कोणीही करू शकतं. इम्तियाजवर आळ घेता येणार नाही."

"बसा." बसलो. "कस्टमरला काय लिहून दिलंय मी? कुलूप पक्कं आहे, माणूस फितूर होता, त्याला बाजूला केला. तेव्हा कुठे ऑर्डर राहिली. आता काय लिहू, माणूस चांगला होता, कुलूपच फितूर आहे? खाली एकशे चाळीस माणसं आहेत, उद्धवराव."

"त्यातला एक तो होता."

"त्याचं बघू नंतर."

"मग निदान पद्धत बदलू द्या. जगात चांगल्या पद्धती आहेत, फुकट आहेत, स्वरूपा बसवून देईल. नाहीतर हेडर तरी काढू द्या."

"ऑडिटला मंजूर झालंय ते. हात लावला की परत ऑडिट, परत प्रश्न. फक्त किल्ली बदला. आणि या वेळी तुमच्या एकट्यापाशी ठेवा."

वही मागितली. म्हणाले, राहू दे माझ्याकडे. ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. पितळी, साधं. माझ्या कुलपापेक्षा पक्कं.

२७ जानेवारी, सोमवार

नवी किल्ली केली. या वेळी कोणाच्या पोरीचं नाव घातलं नाही. कटरची उतरायची जागाही बदलली — सातवरून चारला. हे शेठना सांगितलं, दुसऱ्या कोणाला नाही.

स्वरूपा म्हणाली, "किल्ली बदलून काय होणार, बाबा? हीसुद्धा सव्वीस मिनिटंच टिकेल."

"अकरा," मी म्हणालो.

३० जानेवारी, गुरुवार

वही शेठकडे, म्हणून सगळं गणित पुन्हा कागदावर मांडलं. तीन पानं, सुवाच्य. फोटो काढून इम्तियाजला पाठवले. खाली लिहिलं — चूक माझ्या कुलपाची, तुझी नाही. मला १६ तारखेपासून माहीत होतं.

ती तारीख लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. "शेठना दाखवलं?"

"दाखवलं."

"मग?"

"ड्रॉवरमध्ये ठेवलं."

"मग मी पण माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवतो, भाऊ."

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्धी रजा टाकून म्हाळुंग्याला त्या कंपनीत गेलो. तीन पानं आणि एक नवं पत्र — आधीचं माझं पत्र चुकीचं होतं, असं. टेबलामागच्या बाईंनी आधीचं पत्र काढून दोन्ही शेजारी ठेवली.

"यावर तुमच्या कंपनीचा शिक्का आहे. यावर नाही."

"पण लिहिणारा तोच आहे! सही बघा. दोन्हीकडे दोन ठिपके आहेत."

"शिक्का आणा, काका," म्हणाल्या. चांगल्या होत्या बोलायला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शिक्का मागितला. शेठ म्हणाले, "कशाला?" सांगितलं. फोन उचलून दुसऱ्याच कोणाशी तरी बोलायला लागले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोज नव्या फाइली बंद करतो. रोज त्यांच्या डोक्यावर तीच एकशे तेरा अक्षरं. आज मिनल म्हणाली, "सर, बघा, हेडर आता एकदम परफेक्ट!" स्वल्पविरामासकट बरोबर होतं. शाब्बास म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शेठनी वर बोलावलं. टेबलावर हाउसिंग. भोसरीहूनच आलेलं, आपण न केलेलं. उचललं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं.

सातची जागा साफ. चारला ओरखडा.

शेठनी ड्रॉवर उघडला. वही काढली नाही. पत्र काढलं. "वाचा, उद्धवराव. मोठ्याने."

वाचलं. सतरा ओळी. किल्लीशिवाय फाइल उघडणे अशक्य, या ओळीसकट. सहीसकट.