टपालघराचा मूळ रंग

साहेब,

जुनं टपालघर दुरुस्त करायला तुम्ही सरकारी निधी दिलात, बरं केलंत. तुमच्या तज्ज्ञांनी मागच्या खोलीत रंगाचे सहा थर खरवडले, तळाशी जांभळट रंग लागला, तोच दीडशे वर्षांपूर्वीचा मूळ रंग ठरवला आणि सगळी इमारत तशी रंगवायला सांगितली.

साहेब, तो रंग माझा आहे. माझे मालक तिथले चौकीदार, आम्ही त्याच खोलीत राहायचो. एका साली गिलावा पडला, नवा केला, आणि रंगवायला चुना पुरेना. मी त्यात विटांची भुकटी कालवली, वर धुण्याची नीळ ओतली. मालक म्हणाले, "भिंतीचा काय अवतार केलास!"

हे तुम्हाला कळवायचं म्हटलं, तर सूनबाई आडवी आली. तिथल्या रंगाऱ्यांची मुकादम आहे ती. "आई, सगळं परत खरवडायला लावतील, आमचं काम जाईल. जरा तोंड आवरा!" मला लग्नात जमलं नाही ते आता काय जमणार?

काल पाहणीला येऊन तुम्हीच विचारलंत, "आजी, तुम्ही इथं राहिलात ना? पूर्वीचा रंग असाच होता?" सूनबाईचा ब्रश हवेतच थांबला.

मी म्हटलं, "नीळ जरा जास्त झालीय."

तुम्ही मान डोलावून लगेच वहीत लिहून घेतलंत. आज सूनबाई नीळ कमी करून दुसरा हात देतेय. शिव्या मला घालतेय, पण रंग आता अगदी बरोबर आलाय. म्हणून हे पत्र काही धाडत नाही.

मागच्या खोलीतली म्हातारी