कोऱ्या रांगेतल्या दोन पट्ट्या

२० जून २००५

आज रुजू झाले. विभागाचं नाव जैवतंत्रज्ञान. पाटी इतकी ताजी रंगवलेली की वास येतो. आत मात्र जुना टायपिंगचा वर्ग. टेबलांवर यंत्रांच्या पायांचे खळगे अजून दिसतात. शेजारच्या काचेच्या इमारतीत संगणकवाले आले तसं टायपिंग शिकायला कुणी येईना. मग काही वर्षांमागे संस्थेने ठरवलं की पुढचं युग पेशींचं. इथे युगं जूनमध्येच सुरू होतात, प्रवेशाबरोबर.

विभागप्रमुख डॉ. दिगंबर साठे. मी अकोल्याची आहे कळल्यावर त्यांनी आधी सहानुभूती व्यक्त केली. मग म्हणाले, सरोजिनीबाई, इथे प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त उत्तराची अपेक्षा ठेवू नये. मला माणूस आवडला.

माझी सृष्टी याच कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. आईने इथेच शिकवायला यावं ही तिच्या मते माझी जाणूनबुजून केलेली आगळीक. वारज्याच्या फ्लॅटमध्ये सामान लावताना दिवसभर माझ्याशी भांडून राहिली होती. पडदे लागायच्या आत घर घरासारखं वाटायला लागलं.

४ जुलै

दुसऱ्या वर्षाला छोटं संशोधन दिलं आहे. मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि नळीत थुंकायची. तिच्यात गालाच्या पेशी येतात. त्यांतून डीएनए काढायचा, त्याचा एक ठरावीक तुकडा यंत्रात वाढवायचा आणि जेलमध्ये, म्हणजे खळीसारख्या घट्ट थरात, विजेच्या जोरावर पळवायचा. मग खास दिव्याखाली प्रत्येकाच्या रांगेत दोन केशरी पट्ट्या उजळतात: एक आईकडची, एक बापाकडची. शेवटची रांग कोरी. तिच्या नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी, त्यामुळे ती काळी राहायला हवी.

राहिली नाही. दोन पट्ट्या, सगळ्यांत ठळक.

शौनक म्हणून एक वटवट्या आहे. त्याने विचारलं, मॅडम, पाण्याचे आईबाप कोण? वर्ग हसला. मीही. साठे सर म्हणाले, ती रांग तशी येतेच. खिशातून कात्री काढून त्यांनी फोटोची ती कड कापून टाकली. विभागाची पद्धतच आहे म्हणे; बाहेरच्या परीक्षकाला उगाच विषय कशाला द्या. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, बाई, आपण नवीन आहात.

आम्ही दोघींनीही चूळ भरली होती. सृष्टीची एक पट्टी माझ्या पट्टीच्या बरोबर रेषेत. दुसरी तिच्या बाबांची. ते जाऊन तीन वर्षं झाली. कुठल्याच फोटोत इतके स्वच्छ आले नव्हते. लांब तुकडा मागे राहतो, तशी ती जरा मागे होती. सृष्टीने त्या पट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, बाबा इथंही मागंच राहून गेले ना गं. आणि नाक पुसायला बाहेर गेली.

१८ जुलै

कात्री लावणार नाही असं सरांना सांगितलं. रसायनं नवी मागवली, नळ्या नव्या. त्या दोन पट्ट्या तिथेच. विभागातल्या सगळ्यांचे नमुने घेतले, शिपायापासून सरांपर्यंत. त्या कुणाच्याच नाहीत.

उरलं पाणी. कोऱ्या नळीतलं आणि चूळ भरायचं, दोन्ही एकाच काचेच्या भांड्यातलं डिस्टिल्ड वॉटर. हे भांडं कधी रिकामं होऊ द्यायचं नाही, संपत आलं की वरून भर घालायची, हीसुद्धा पद्धत. कधीपासून, ते सरांनाही ठाऊक नाही. म्हणजे विरजण ठेवतात तसं. कशाचं, ते विचारलं. सर म्हणाले, पाण्याचं.

१ ऑगस्ट

पुन्हा जेल. शौनकच्या रांगेत त्याच्या दोन पट्ट्या पुसट, आणि त्यांच्या शेजारी कोऱ्या रांगेतल्या दोन, ठसठशीत. नमुन्यात पाणी मिसळलं असेल म्हणून त्याला बाजारच्या बाटलीबंद पाण्याने चूळ भरायला लावली. या खेपेस त्याच्या स्वतःच्या दोन दिसल्याच नाहीत.

शौनक काही विचारत नाही आता. बरं मॅडम, म्हणतो. स्टाफरूममध्ये त्याचं कौतुक झालं. मीही मान डोलावली.

८ ऑगस्ट

वर्गातल्या श्रद्धाचंही तसंच. मग पुढच्या अख्ख्या बाकाचं.

हजेरी घेताना शौनकचं नाव घेतलं. श्रद्धाने हजर म्हटलं. कुणी हसलं नाही. शौनकने वर पाहिलं नाही. मीही खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. हे नंतर, चहा पिताना लक्षात आलं.

११ ऑगस्ट

भांडं मोरीत ओतलं. फोडलंही. सीलबंद पाणी आणलं, जेल केलं. कोरी रांग पहिल्यांदाच कोरी.

पाणी सुधारलं. पोरं नाही. सगळ्यांच्या रांगा एकसारख्या, फक्त सृष्टीची सोडून. ती आज गैरहजर, तिची रांगच नव्हती.

साठे सर खूश. म्हणाले, कात्रीची गरजच उरली नाही, आणि निकालात काय सातत्य! परिषदेत मांडू या. मी म्हटलं, सर, ही वेगवेगळ्या घरची मुलं आहेत. ते म्हणाले, असं? मग अगदी शांतपणे, असतील.

१९ ऑगस्ट

भाजीत मुद्दाम दोनदा मीठ घातलं. सृष्टीने सगळी खाल्ली. म्हणाली, आपण छान करता.

मला. आपण.

‘करून राहिली’ या वऱ्हाडी बोलण्यावरून वर्गात चिडवायचे तिला, तर दुप्पट जोरात म्हणायची. आता तिचं बोलणं बातम्या देणाऱ्या बाईसारखं.

नमुना घेतला. चार पट्ट्या. माझ्याकडची आहे अजून. बाबांची आहे. काचेवरच्या वाफेएवढी. बाकी दोन —

२३ ऑगस्ट

ठरलं. उद्याच्या रात्रीच्या बसने अकोला. तिथलं पाणी, तिथली माणसं. तिला तिच्या आत्याच्या पुढ्यात बसवलं की भांडेल. भांडायलाच हवी.

सरांना सांगितलं. जरूर, म्हणाले. सृष्टीला सांगितलं. तीही जरूर म्हणाली, त्याच सुरात.

रडू यायला हवं होतं. दाढ काढल्यावर गाल असतो तसं काहीतरी आतून आहे. चूळ मीही भरली होती.

२५ ऑगस्ट

बस गेली. बॅगा दाराशी. आम्ही दोघी सोफ्यावर बसलो होतो. उठायला अडचण काही नव्हती. घड्याळ दिसत होतं. नुसतं —

उठलो नाही.

२९ ऑगस्ट

दोघींचं जेल. दोन रांगा शेजारी शेजारी. दोन आणि दोन. अगदी रेषेत. आमचं इतकं कधीच जमलं नव्हतं.

घाबरले, असं लिहायला हवं.

घाबरले.

२ सप्टेंबर

सृष्टीने भिंतीवरच्या फोटोकडे बघत विचारलं, हे गृहस्थ कोण. तुझे बाबा, मी म्हटलं. एवढं आलं. तिने नाव विचारलं. आपल्याला आठवेल तेव्हा सांगा, म्हणाली. घाई नाही.

मला ठाऊक आहे. नवऱ्याचं नाव न घेण्याचं सोवळं मी कधी पाळलं नाही, चारचौघांत नावाने हाक मारायचे, सासूबाई चिडायच्या — जिभेवर आहे. लिहून ठेवलं की राहील, तिलाही दाखवता येईल, मोठ्याने वाचून — तिच्यात त्यांचं तेवढंच —

त्यांचं नाव